ज्वालामुखीय डोंगराळ प्रदेशातील वाहनमुक्त सायकल-पर्यटन : जर्मनीतील आयफेल

मोटारवाहनांना ज्यावर प्रवेश नाही अशा मार्गावरून, मुक्काम करीत, सामानासह केलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल-प्रवासास वाहनमुक्त सायकल-पर्यटन म्हणतात. सपाट नदीखोऱ्यांत व कालव्यांच्या काठांनी असे मार्ग आखणे सोपे असते. डोंगराळ मुलखात, विशेषतः ज्वालामुखीच्या उद्रेकांनी ज्याचा पृष्ठभाग उंचसखल झाला आहे अशा प्रदेशात, ते अवघड असते. कारण तेथील जुने रस्ते टेकडी चढून दरीत उतरतात आणि पुन्हा चढतात. असे असूनही यूरोपातील काही नावाजलेले वाहनमुक्त सायकलमार्ग ज्वालामुखीय डोंगरांतच आढळतात. याचे कारण सायकलीच्या इतिहासापेक्षा लोहमार्गांच्या इतिहासात अधिक सापडते. पश्चिम जर्मनीतील आयफेल हा प्रदेश याचे चांगले उदाहरण असून प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

प्रदेश व भूवैज्ञानिक पार्श्वभूमी : ऱ्हाईन व मोझेल या नद्या आणि बेल्जियममधील आर्देन पठार यांच्या दरम्यान आयफेलचा डोंगराळ टापू पसरला आहे. त्याचा पाया प्राचीन पाटीचे दगड, वालुकाश्म व चुनखडक यांचा आहे. या पायातून दोन वेगवेगळ्या कालखंडांत ज्वालामुखी फुटले. पहिला कालखंड तृतीयक कल्पातील असून आयफेलचे सर्वोच्च शिखर होए आख्ट (७४७ मी.) त्या काळच्या बेसाल्टचे आहे. दुसरा कालखंड त्यामानाने अगदी अलीकडचा, म्हणजे सु. सात लाख वर्षांपूर्वीपासून सु. ११,००० वर्षांपूर्वीपर्यंतचा आहे. या दुसऱ्या कालखंडातील उद्रेकस्थानांची संख्या साडेतीनशेच्या आसपास भरते. त्यांपैकी लाखर सरोवराच्या जागी सु. १३,००० वर्षांपूर्वी झालेला उद्रेक सर्वांत प्रचंड होता. त्याच्या राखेचे थर उत्तरेस स्वीडनपर्यंत आणि दक्षिणेस उत्तर इटलीपर्यंत ओळखता आले आहेत.

आयफेलचे खास भूरूप म्हणजे ‘मार’ होय. वर येणाऱ्या तप्त शिलारसाची भूजलाशी गाठ पडली, की पाण्याची एकदम वाफ होऊन स्फोट होतो, वरचा खडक उडून जातो आणि मागे गोल, खोल खळगा राहतो. कालांतराने त्यात पाणी साठून सरोवर बनते. ‘मारे’ (समुद्र) या लॅटिन शब्दावरून आलेली ही स्थानिक संज्ञा योहानेस श्टायनिंगर या ट्रीर येथील शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भूविज्ञानात आणली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. महाराष्ट्रातील वाचकाला अशा वेळी लोणारच्या सरोवराची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंची घडण भिन्न आहे. लोणारचे विवर ज्वालामुखीय खडकात असले, तरी ते उल्कापाताने बनलेले आहे. मार मात्र भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने बनतो. डाउन या गावाजवळची तीन मार-सरोवरे आणि गिलनफेल्डजवळचे सु. ७० मी. खोल पुल्व्हरमार ही या प्रकारची प्रसिद्ध उदाहरणे होत. त्यांपैकी व्हाइनफेल्ड येथील सरोवराला ‘मृतांचे सरोवर’ असेही म्हणतात. त्याच्या काठचे व्हाइनफेल्ड हे खेडे सोळाव्या शतकात साथीच्या रोगाने उजाड झाले. आता तेथे केवळ एक छोटे प्रार्थनामंदिर व दफनभूमी उरली आहे.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या भूरचनेचा अर्थ साधा आहे : राखेच्या व लाव्ह्याच्या टेकड्या, त्यांमधील वर्तुळाकार खळगे आणि मोझेलकडे वाहणाऱ्या उपनद्यांनी कोरलेल्या खोल, नागमोडी दऱ्या. यांच्यामुळे गावागावांना जोडणारे जुने रस्ते क्वचितच समपातळीत जातात.

सायकल आणि चढ : सायकलीच्या जन्माचा संबंधही एका ज्वालामुखीशी जोडला जातो. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा पर्वताचा महास्फोट झाला आणि १८१६ साली यूरोपात उन्हाळा जवळजवळ आलाच नाही. पिके बुडाली, दाणावैरण महागली आणि घोडे पोसणे कठीण झाले. कार्ल फोन ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी मानहाइम येथून आपल्या दुचाकी ‘धावयंत्रा’वर पहिली प्रसिद्ध फेरी केली, तिच्यामागे घोड्याला पर्याय शोधण्याची ही निकड असावी, असे मत हान्स-एर्हार्ट लेसिंग या तंत्रज्ञान-इतिहासकाराने मांडले आहे. हे अनुमान सर्वांस मान्य आहे असे नाही. परंतु १८१६-१७ चा दुष्काळ ही आयफेलच्याही लोकजीवनातील कडवट वस्तुस्थिती होती.

ड्राइसच्या यंत्राला पेडल नव्हते. पेडल १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये आले. पाठोपाठ मोठ्या पुढच्या चाकाची उंच सायकल आली. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल तयार केली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेला टायर आणला. यानंतर सायकल हे सामान्य माणसाचे वाहन झाले. तिच्यावरून देश पाहण्याची हौस मात्र आधीच सुरू झाली होती. इंग्लंडात सायकल-पर्यटकांची संघटना १८७८ मध्येच स्थापन झाली होती.

डोंगराळ प्रदेशात दोन अडचणी होत्या : चढावर लागणारी शक्ती आणि उतारावर लागणारा ब्रेक. दुसऱ्या अडचणीवर जर्मनीत १९०३ मध्ये निघालेल्या ‘टॉर्पेडो’ तुंब्याने, म्हणजे पेडल उलटे दाबताच मागचे चाक रोखणाऱ्या योजनेने, चांगला उपाय केला. पहिल्या अडचणीवर फ्रान्समधील सेंत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) याने आयुष्यभर प्रयोग केले. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या गृहस्थाने एकाच सायकलीला अनेक गिअर असावेत, याचा हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतींच्या चालकांना मात्र हे दुबळेपणाचे लक्षण वाटे. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत मज्जाव होता. म्हणजेच डोंगरातील सायकल-प्रवासाची साधने शर्यतपटूंसाठी नव्हे, तर पर्यटकांसाठी आधी घडली.

गिअर असला, तरी निसर्गाचा हिशेब चुकत नाही. सायकल व सामानासह सु. १०० किग्रॅ. वजनाचा साधारण प्रकृतीचा प्रवासी सु. १०० वॉट शक्ती बराच वेळ देऊ शकतो, असे धरू. ४० मीटरला १ मीटर अशा चढणीवर तो ताशी सु. १२ किमी. वेगाने जाऊ शकेल. ८ मीटरला १ मीटर अशा चढणीवर मात्र त्याच शक्तीने त्याचा वेग ताशी ३ किमी. पेक्षाही कमी पडेल, म्हणजे उतरून सायकल ढकलणे त्याला सोयीचे जाईल. गाठायची उंची तीच राहते आणि त्यासाठीचे एकूण श्रमही जवळजवळ तेच. फरक पडतो तो ते श्रम किती अंतरावर विभागले जातात यामुळे. आयफेलमधील अनेक ग्रामीण रस्त्यांवर दुसऱ्या प्रकारचे चढ आहेत. पहिल्या प्रकारची चढण तेथे निसर्गतः फारशी नव्हती; ती लोहमार्गाच्या अभियंत्यांना खोदून व भरून तयार करावी लागली.

लोहमार्गांची उभारणी : १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर आयफेल प्रशियाकडे गेला. थंड हवा, हलकी जमीन आणि वारसांत वाटून तुकडे झालेली शेते यांमुळे हा प्रदेश अत्यंत दरिद्री होता. ‘प्रशियाचा सायबीरिया’ असा त्याचा उपहासाने उल्लेख होई. एकोणिसाव्या शतकात येथील हजारो लोकांनी अमेरिकेची वाट धरली. १८८२-८३ मध्ये पुन्हा पीक बुडून उपासमार झाली. याच काळात, १८८८ मध्ये, आडोल्फ ड्रोंके या ट्रीर येथील शाळाप्रमुखाच्या पुढाकाराने ‘आयफेल-संघ’ स्थापन झाला. पाऊलवाटा आखून त्यांवर खुणा करणे, पाहुण्यांना या डोंगरांकडे आणणे आणि त्यायोगे गावांना चार पैसे मिळवून देणे, हा त्याचा उद्देश होता. पर्यटन हा दारिद्र्यावरील एक उपाय आहे, ही कल्पना आयफेलमध्ये एवढी जुनी आहे.

खरी आशा होती ती लोहमार्गाची. कोलोन ते ट्रीर हा गेरोलश्टाइनमार्गे जाणारा मुख्य मार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला. ऱ्हाईनकाठच्या आन्डरनाखपासून मायनपर्यंतचा फाटा १८८० पर्यंत तयार झाला आणि मायनपासून डाउनमार्गे गेरोलश्टाइनपर्यंतचा मार्ग १८९५ मध्ये पुरा होऊन आयफेलला पूर्व-पश्चिम छेद देणारी गाडी सुरू झाली. त्यानंतर डाउनपासून दक्षिणेस व्हिटलिखकडे जाणारा मार्ग १९०९-१० मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला.

या मार्गांमागे तीन हेतू होते. पहिला, मागासलेल्या भागाला बाजारपेठेशी जोडणे. दुसरा, फ्रान्सच्या सीमेकडे सैन्य त्वरेने हलविण्याची सोय करणे. तिसरा, ज्वालामुखीनेच दिलेली संपत्ती बाहेर काढणे. मायन व मेंडिग येथील सच्छिद्र लाव्ह्याच्या जात्यांचा व्यापार रोमन काळाच्याही आधीपासून चालत आला होता. आता बेसाल्टच्या खडीला रस्ते व लोहमार्ग यांसाठी मोठी मागणी आली. ऱ्हाईनकाठच्या खाणींतील बेसाल्टचे स्तंभ नदीतून नेदर्लंड्समध्ये जाऊन समुद्रबांधांना लागले. आयफेलमध्ये ज्वालामुखीचाच दगड रुळांखाली अंथरला गेला आणि त्याच रुळांवरून तो बाहेरही गेला.

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. दख्खनच्या बेसाल्टमधून भोर घाट चढणारा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा त्याची सर्वांत तीव्र चढण ३७ मीटरला १ मीटर एवढी होती आणि तीही असाधारण मानली जात असे. आयफेलमधील अभियंत्यांनीही चढण सौम्य राखण्यासाठी टेकड्यांना वळसे घातले, कडे खोदले, दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल बांधले आणि डोंगरसोंडांतून बोगदे काढले. डाउन येथे लीझर नदीवर बांधलेला सु. २८ मी. उंचीचा पूल आणि व्हिटलिखच्या उत्तरेकडील बोगद्यांची मालिका यांवरून त्या कामाची कल्पना येते. मालगाडीच्या इंजिनासाठी केलेला हा खर्च नव्वद वर्षांनी सायकलस्वाराच्या पायांना उपयोगी पडणार होता. त्या वेळी कोणाच्याही मनात तसे असण्याचे कारण नव्हते.

वाहनांचे वर्चस्व : दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटारीने आयफेलमध्ये मोठा प्रवेश केला. बेकारांना काम मिळावे म्हणून १९२५–२७ या काळात न्यूरबुर्क येथे सु. २८ किमी. लांबीची शर्यतीची धावपट्टी बांधण्यात आली. मोटारींच्या शर्यतींसाठी ती जगभर गाजली. परंतु व्यावसायिक सायकलपटूंची पहिली जागतिक रस्ता-शर्यतही जुलै १९२७ मध्ये तेथेच झाली आणि ती इटलीच्या आल्फ्रेदो बिंदा याने जिंकली. अन्य वाहतुकीपासून मुक्त अशा मार्गावर, ज्वालामुखीय टेकड्यांतून सायकल चालविण्याचा हा आयफेलमधील पहिला गाजलेला प्रसंग म्हणता येईल. मात्र तो मार्ग शक्तीची परीक्षा पाहण्यासाठी होता. काही ठिकाणी त्याची चढण सहा मीटरला एक मीटर एवढी तीव्र आहे. सर्वसामान्य प्रवाशाला तेथे काही स्थान नव्हते.

सायकलसाठी वेगळा मार्ग ही कल्पनाही सरळ रेषेत विकसित झालेली नाही. जर्मनीत १९३४ च्या वाहतूक-नियमांनी उपलब्ध सायकलपट्टीचा वापर सायकलस्वारांना सक्तीचा केला. त्यामागे सायकलस्वारांच्या सुरक्षिततेइतकाच, किंबहुना अधिक, मोटारींसाठी रस्ता मोकळा करण्याचा विचार होता. वेगळा मार्ग हा सायकलीचा सन्मान की तिची हद्दपारी, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, आयफेल प्रत्यक्ष रणभूमी झाला. लोहमार्गांवर बाँबहल्ले झाले. पुष्कळ पूल पडले. ते पुन्हा उभारण्यात आले खरे, परंतु त्यांवरील वाहतूक फार काळ टिकली नाही. पश्चिम जर्मनीत १९५० साली सु. ५ लाख मोटारगाड्या होत्या. १९८० पर्यंत त्या २ कोटींच्या वर गेल्या. खाणींतील दगड मालमोटारींवर गेला आणि शाळेची मुले बसमध्ये. १९७६ मध्ये तेथील राष्ट्रीय रेल्वेने तोट्यातील फाटे छाटण्याची जी योजना पुढे आणली, तीनुसार जवळजवळ निम्मे जाळे अनावश्यक ठरत होते. ती संपूर्णपणे अंमलात आली नाही. तरी शाखामार्ग एकामागून एक बंद होत गेले. डाउन–व्हिटलिख मार्गावरील प्रवासी गाडी १९८१ मध्ये बंद झाली आणि पुढे काही वर्षांत मालगाडीही थांबली. मायन–गेरोलश्टाइन मार्गावरील नियमित प्रवासी वाहतूक १९९१ मध्ये संपली. ज्यांच्यासाठी गावांनी अर्ज-विनंत्या केल्या होत्या ते मार्ग शंभर वर्षेही पुरले नाहीत.

लोहमार्गाचा सायकलमार्ग : रूळ काढून घेतल्यावर भराव व खोदाई यांची जी सलग, सौम्य उताराची पट्टी उरते, तिला येथे मार्गपट्टी म्हणू. तिचा पायवाट वा सायकलमार्ग म्हणून उपयोग करण्याची कल्पना प्रथम अमेरिकेत व इंग्लंडात प्रत्यक्षात आली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय–स्पार्टा हा मार्ग १९६० च्या दशकात तयार झाला. इंग्लंडात ब्रिस्टल–बाथ मार्गपट्टीचे काम १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी आरंभिले. त्याच वर्षी ब्रेमेन येथे जर्मन सायकलस्वारांची आधुनिक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७० च्या दशकातील तेलटंचाई, पर्यावरणाविषयीची जागृती आणि रस्त्यावरील अपघातांची धास्ती यांनी या चळवळीला बळ दिले.

आयफेलमध्ये डाउन–व्हिटलिख मार्गपट्टीवर तयार झालेला ‘मार–मोझेल सायकलमार्ग’ २००० च्या सुमारास खुला झाला आणि पुढे मोझेलकाठच्या बेर्नकास्टल-कूसपर्यंत नेण्यात आला. त्याची लांबी सु. ५८ किमी. आहे. डाउन (सु. ४०० मी.) येथून निघाल्यावर आरंभी थोडा चढ लागतो. मार-सरोवरांच्या परिसरातून, शाल्कनमेरन व गिलनफेल्ड या गावांवरून मार्ग जातो, मग पूल व बोगदे ओलांडीत तो व्हिटलिखच्या सखल भागात आणि शेवटी द्राक्षमळ्यांनी वेढलेल्या मोझेलच्या दरीत (सु. ११० मी.) उतरतो. जवळजवळ ३०० मी. चा हा उतार इतका सावकाश आहे, की लहान मुले व वृद्धही तो निर्धास्तपणे पार करतात. परतीच्या चढासाठी उन्हाळ्यात सायकली वाहून नेणारी जोडगाडी लावलेली बस चालते. ज्या अंतरासाठी पूर्वी आगगाडी होती, त्याच अंतरासाठी सायकल उचलून नेण्यास आता बस लागते, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

मार्गपट्टीचे रूपांतर वाटते तेवढे सोपे नसते. तेलकट रसायनात बुडविलेले जुने लाकडी स्लीपर काळजीपूर्वक काढून त्यांची विल्हेवाट लावावी लागते. खडी सपाट करून दाबावी लागते. तिच्यावर साधारणतः अडीच ते तीन मीटर रुंदीचा डांबरी वा बारीक मुरमाचा थर येतो. कडेचे गटार मोकळे न ठेवल्यास खोदाईत पाणी साचते. पुलांना कठडे व बोगद्यांना दिवे लागतात. सडक जेथे मार्ग ओलांडते तेथे सायकलस्वाराला थांबविणारे अडसर बसवावे लागतात, कारण वाहनमुक्त मार्गावरील धोका बहुतेक वेळा अशा छेदस्थानीच असतो. पादचारी, बालके व वेगाने जाणारे सायकलस्वार एकाच अरुंद पट्टीवर आल्याने होणारे तंटेही नवीन नाहीत. विजेच्या मोटरीची सायकल रूढ झाल्यापासून ते वाढले आहेत. त्याच सायकलीमुळे आयफेलमधील तीव्र चढही अनेकांच्या आवाक्यात आले आहेत. तरी मोटारींपासूनची मोकळीक मार्गपट्टीवरच मिळते.

इतर ज्वालामुखीय प्रदेश : हेच चित्र जर्मनीतील अन्य ज्वालामुखीय डोंगरांत दिसते. हेसनमधील फोगेल्सबेर्ग हा मध्य यूरोपातील सर्वांत मोठा सलग बेसाल्ट प्रदेश (सु. २,५०० चौ. किमी.) असून त्याचे सर्वोच्च शिखर टाउफश्टाइन (७७३ मी.) आहे. त्याला ओलांडणारा श्टोकहाइम–लाउटरबाख लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी बांधला गेला, ५७० मी. हून अधिक उंचीवर असलेले त्याचे हार्टमान्सहाइन हे स्थानक त्या भागातील सर्वांत उंच स्थानकांपैकी होते. १९७५ मध्ये तेथील प्रवासी वाहतूक बंद झाली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या पट्टीवर ‘ज्वालामुखी सायकलमार्ग’ तयार झाला. ऱ्होन पर्वतातील मिल्झेबुर्क या ज्वालामुखीय डोंगराखालून जाणारा १,१७२ मी. लांबीचा जुना रेल्वे-बोगदा २००३ पासून सायकलमार्गाचा भाग आहे. मात्र हिवाळ्यात तेथे वटवाघळे विश्रांती घेत असल्यामुळे तो बंद ठेवतात. गाड्या थांबल्यावर डोंगरातील पोकळीचा पहिला ताबा वन्य जीवांनी घेतला होता आणि तो मान्य करण्यात आला.

फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशातील प्वी द दोम (१,४६५ मी.) या ज्वालामुखीची कथा याउलट आहे. त्याच्या माथ्यापर्यंत १९०७ मध्ये आगगाडी नेण्यात आली. १९२६ मध्ये तिच्या जागी मोटाररस्ता आला. १९५२ पासून ‘तूर द फ्रान्स’चे काही टप्पे त्या रस्त्याने माथ्यावर गेले. २०१२ मध्ये तेथे विजेची दातेरी रुळांची गाडी पुन्हा सुरू झाली आणि मोटारींबरोबर सायकलींचाही तेथील नित्य प्रवेश थांबला. २०२३ मधील शर्यतीचा टप्पा हा अपवाद होता. मार्गपट्टी एकदा जपली गेली, तर तिच्यावर पुन्हा गाडी येऊ शकते, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

वर्तमान प्रश्न : याच मुद्द्यावर आयफेलमध्ये मतभेद आहेत. मायन–गेरोलश्टाइन मार्गापैकी कायझरसेशपर्यंतच्या पूर्वेकडील भागावर २००० मध्ये नियमित गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पश्चिमेकडील भागावर काही वर्षे हौशी प्रवाशांसाठी रेल्वेबस धावली. तीही २०१२ च्या अखेरीस थांबली. त्यानंतर रूळ झुडपांनी झाकले गेले. तेथे सायकलमार्ग करावा, असे एका पक्षाचे म्हणणे असून त्यामुळे डाउन हे गाव वाहनमुक्त मार्गांचे केंद्र बनेल, असे तो म्हणतो. रूळ एकदा उखडले, की या डोंगराळ भागाला लोहमार्ग पुन्हा मिळणार नाही आणि मोटार नसलेल्या माणसाची अडचण कायमची होईल, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन आहे. दोन्ही पक्षांना मोटारीचे वर्चस्व कमी व्हावे असेच वाटते, म्हणून हा वाद अधिक जिव्हारी लागतो.

कायद्यालाही हा प्रश्न सोडविणे सोपे गेलेले नाही. जर्मन कायद्यानुसार रूळ नसले, तरी एखादी पट्टी रेल्वेच्या उपयोगातून विधिवत मुक्त होईपर्यंत रेल्वेचीच मानली जाते. हवामानबदलाच्या संदर्भात बंद मार्ग पुन्हा सुरू करण्याची मागणी वाढल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ही मुक्तता देण्याच्या अटी बऱ्याच कडक करण्यात आल्या. परिणामी अनेक नियोजित सायकलमार्ग अडले आणि २०२५ मध्ये त्या अटी पुन्हा काहीशा सैल कराव्या लागल्या.

समारोप : आयफेलच्या ज्वालामुखीय भागाला २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा आहे. कधीकाळी ‘सायबीरिया’ म्हणून हिणविलेल्या या प्रदेशात आता लोक शांततेसाठी येतात. ही शांतता निसर्गदत्त मात्र नाही. खाणकामगारांची गाडी, आठवडी बाजाराची गाडी आणि शाळेची गाडी बंद झाली म्हणून ती मिळाली. डोंगरातील सायकलस्वाराला सोपा वाटणारा उतार हा दरिद्री गावांनी मागितलेल्या, राज्याने युद्धाच्या विचाराने बांधलेल्या आणि मोटारीने निकामी केलेल्या लोहमार्गाचा वारसा आहे. ज्या ठिकाणी मार्गपट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, तेथे शेते, गुदामे व रस्ते आले आणि सायकल व आगगाडी या दोहोंचीही वाट संपली. जेथे ती अखंड राखली गेली, तेथे आज सायकल चालते आणि उद्याचा निर्णय पुढच्या पिढीच्या हाती राहतो. वाहनमुक्त सायकलमार्गांचे ऐतिहासिक महत्त्व त्यांवरील पर्यटकांच्या संख्येपेक्षा या अखंडतेत अधिक आहे.